मैनाची पट्टी

“मावशी, ह्यो लबाडी करतोय!” राणी ओरडली.

लबाडी कसली, तर सोमनाथनं उंच बाटली पाण्यानं भरली होती आणि राणीनं पसरट पातेली. दोघांचंही म्हणणं एकच, माझ्यात पाणी जास्त. सोमनाथ बाटलीशेजारी पातेली ठेवून दाखवत होता, बघा, माझं पाणी कुठवर आलंय आणि हिचं कुठं! बाकीची पोरं त्याच्या बाजूची झाली होती. राणीच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं.

“भांडू नका,” मी म्हटलं. “वाटी घ्या आन् मोजा.”

आमटीची वाटी मध्ये आली. सगळी पोरं उकिडवी बसली. बाटलीतून बादलीत एक वाटी, दोन वाट्या, पाचव्या वाटीला बाटली संपली. सोमनाथनं ती उपडी करून झटकली, डोळा लावून आत बघितलं. मग पातेलीची पाळी. सहावी वाटी भरली तशी पोरं उठून उभी राहिली. नऊ वाट्या झाल्या. राणी नाचायला लागली आणि सोमनाथ मला म्हणाला, “मावशी, मग ही बाटली एवढी उंच कशापायी झाली?”

दारात उज्ज्वलाताई उभ्या होत्या. काखेत रजिस्टरं, खांद्यावर पर्स. त्या हसत होत्या.

“कौसल्ये, हे तू कुठं शिकलीस गं?”

“कुठं शिकणार ताई? आमचे दादा बाजारात धान्य मापायचे. मी पोत्यावर बसून असायची.”

“आम्हाला ट्रेनिंगला तीन दिवस बसवून हेच सांगतात, आणि आमच्या डोक्यात शिरत नाही,” त्या म्हणाल्या आणि जाता जाता माझ्या पाठीवर हात ठेवून गेल्या. तेवढ्यानं माझा दिवस गोड जायचा.

मी आमच्या वस्तीच्या अंगणवाडीत मदतनीस होते. झाडलोट करायची, पाणी भरायचं, खिचडी शिजवायची, पोरं घरोघर जाऊन आणायची. शिकवायचं काम सेविकेचं, म्हणजे उज्ज्वलाताईंचं. माझं शिक्षण चौथी. नवऱ्यानं दुसरी बायको केली आणि मी माहेरी परत आले, तेव्हा दोन वर्षं मी घराच्या बाहेर तोंड काढलं नव्हतं. मदतनिसाची जागा निघाली तशी ताई घरी आल्या, माझ्या भावजयीसमोर मला म्हणाल्या, “ऊठ, साडी बदल, माझ्याबरोबर चल.” अर्ज त्यांनी भरला. मला सही येत नव्हती, लिहायची सवयच मोडली होती. पहिला आठवडाभर दुपारी पोरं गेली की त्या मला शेजारी बसवायच्या, माझी मूठ आपल्या हातात धरायच्या आणि गिरवून घ्यायच्या. कौसल्या भिवा तांबवे. ‘तांबवे’चा त मला नीट जमेना, तर म्हणाल्या, “घाई नाही, सही आयुष्यभर पुरणार आहे तुला.”

त्या माणसासाठी मी काय केलं नसतं?

ताईंना महिन्याचे अहवाल असायचे, मीटिंगा असायच्या, निवडणुकीच्या याद्या असायच्या. हळूहळू पोरं माझ्याकडं आली. मला गाणी येत नव्हती, चित्रं येत नव्हती. मापायचं तेवढं येत होतं. मग आम्ही मापतच सुटलो. खोली किती पावलांची? राणीची बावीस भरली, सोमनाथची अठरा. त्यावरून दोन दिवस वाद, खोली लहान-मोठी कशी होते म्हणून. शेवटी राणीनंच शोधून काढलं, “खोली तेवढीच हाय, त्येचा पाय मोठा हाय.” दोन करवंट्या काठीला बांधून मी तराजू केला. एका करवंटीत चिंचोके, दुसरीत खडे. एक खडा किती चिंचोक्यांचा, ते पोरं तासन् तास बघत बसायची. मी त्यांच्या हातात मूठभर कापूस आणि छोटा दगड देऊन विचारायची, जड कोण? कापूस मोठा दिसतो म्हणून आधी सगळी फसायची.

दसऱ्यानंतर मी आणखी एक खेळ काढला. जुन्या साड्यांचे काठ घरोघर मागून आणले. एकेका पोराला भिंतीला टेकून उभं केलं आणि त्याच्या उंचीएवढा काठ कापून भिंतीला चिकटवला. अठ्ठावीस पोरं, अठ्ठावीस पट्ट्या. खाली प्रत्येकाचं चित्र, कुणाचा आंबा, कुणाचा मोर, म्हणजे वाचता आलं नाही तरी आपली पट्टी ओळखू येईल. चित्रं ताईंनी काढून दिली होती. पोरं येता-जाता आपापल्या पट्टीला पाठ लावून उभी राहायची. रोज विचारायची, “मावशी, वाढलो का?”

“रोज न्हाई वाढत रं. होळीला बघू.”

होळी झाली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी अंघोळी करून यायचं आणि उंची बघायची, असं ठरलं. मी एकेकाला पट्टीशी उभं करायची, डोक्यावर पाटी आडवी धरायची आणि पट्टीच्या वर किती बोटं उरतात ते पोरांनी मोजायचं. सोमनाथ दोन बोटं वाढला होता. राणी दोन बोटं. कुणी दीड, कुणी अडीच. प्रत्येकाला टाळ्या.

मग मैना आली.

मैना अलकाची मधली पोरगी. अलका खडीच्या मशिनीवर कामाला जायची, नवरा कधी असायचा, कधी नसायचा. मैनाला चार वर्षं पूर्ण झाली होती. फार बोलायची नाही, पण मापायच्या खेळात सगळ्यात जास्त मन तिचं. चिंचोके एक-एक करून टाकायची, तराजू समेवर आला की हळूच माझ्याकडं बघायची. तिच्या पट्टीखाली चिमणी होती.

ती पट्टीशी उभी राहिली. मी पाटी धरली. राणी बोटं लावायला पुढं आली आणि थांबली.

“मावशी, बोट बसतच न्हाई.”

मी बघितलं. पाटी पट्टीच्या टोकाला चिकटून होती. मी मैनाला टाचा टेकायला सांगितलं, मान सरळ करायला सांगितलं, परत धरली. तेवढीच. पाच महिन्यांत अर्धं बोटसुद्धा नाही.

“मैना वाढलीच न्हाई!” कुणीतरी म्हणालं. पोरं हसली. मैनाही हसली, तिला वाटलं काहीतरी गंमत झाली.

त्या दिवशी मी तिला नीट बघितलं. रोज बघत होते, पण बघितलं त्या दिवशी. दंड माझ्या दोन बोटांत मावत होता. केस पिंगट, विरळ. बाहेर दगडावर फळी टाकून केलेला खाली-वर होणारा झोका होता. त्यावर मी तिच्यासमोर शेजारच्या भाऊसाहेबाचा अडीच वर्षांचा बंडू बसवला. बंडूची बाजू खाली गेली आणि मैना वर. खरं वजन करावं म्हटलं तर अंगणवाडीचा काटा दिवाळीपासून बिघडून कपाटात पडला होता. नवा मागवलाय, असं ताई म्हणायच्या.

दुपारी पोरं गेल्यावर मी ताईंना सगळं सांगितलं. त्या लिहीत होत्या. पेन थांबलं.

“अर्धं बोट पण नाही?”

“न्हाई ताई. आन् बंडूपेक्षा हलकी भरतीय ती. मला भ्या वाटतंय.”

ताईंनी रजिस्टर मिटलं. मग त्यांनी माझा हात हातात घेतला. “बरं झालं मला सांगितलंस. हे बघ, पुढच्या बुधवारी आपल्या सुपरवायझर मोहिते मॅडम भेटीला येतायत. त्यांच्यासमोरच घालू पोरीला. मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी त्याच देतात, आपण गेलो तर रांगेत बसवतील. तोवर कुणाला बोलू नकोस. अलका आधीच गांगरलेली असते, उगीच घाबरंल.”

“आठ दिवस थांबायचं?”

“आठ दिवसांत काय होतंय? तू तिला खिचडी जास्त घालत जा.”

मी आठ दिवस मैनाला दुप्पट खिचडी घातली. तिला ती जात नव्हती. चार घास खाऊन बोटं चाटत बसायची. शनिवारी तिला जुलाब लागले. सोमवारी आली नाही. मंगळवारी आली, पण नुसती भिंतीला टेकून बसली. मी ताईंकडं बघितलं. त्यांनी मान हलवली, म्हणजे उद्या.

बुधवारी मी पहाटेच उठून अंगणवाडी सारवली. रांगोळी काढली. तराजू, वाट्या, बाटल्या मांडल्या, मॅडमना दाखवायचं असं ताईंनी सांगितलं होतं. मग भिंतीकडं लक्ष गेलं. आंबा, मोर, कमळ, सगळ्यांच्या पट्ट्या होत्या. मैनाच्या पट्टीच्या जागी भिंत मोकळी होती. खालची चिमणीही नव्हती. चिकटवलेल्या कागदाचा पांढरा कोपरा तेवढा उरला होता.

मला वाटलं, पोरांनी उपटली असेल. विचारायला ताई नव्हत्या, मॅडमना आणायला फाट्यावर गेल्या होत्या. पोरं गोळा करायला निघाले तर अलकाच्या घराला कडी. शेजारीण म्हणाली, ती पोरींना घेऊन पहाटेच मशिनीवर गेली.

मोहिते मॅडम आल्या. बाई चांगली होती, खाली पोरांत बसली. सोमनाथनं त्यांना बाटली आणि पातेलीचं करून दाखवलं. राणीनं खोली पावलांनी मापली. मॅडमनी स्वतः चिंचोके टाकून बघितले. “फार छान! उज्ज्वलाताई, हे सगळं तुम्ही बसवलंत?”

“आम्ही दोघींनी,” ताई म्हणाल्या. मला आत चहा ठेवताना ते ऐकू आलं आणि खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला.

मग मॅडम भिंतीपाशी गेल्या. पट्ट्या बघत म्हणाल्या, “आणि रजिस्टरप्रमाणे इथं एकही मूल कमी वजनाचं नाही. माझ्या आख्ख्या बीटमध्ये, एवढ्या अंगणवाड्यांत, तुमची एकटीची अशी आहे.”

माझ्या हातात कपांचा ट्रे होता. मी ताईंकडं बघत उभी राहिले, आता बोलतील, आता बोलतील.

“मॅडम, मैनाची पट्टी कुठंय?” सोमनाथ म्हणाला. “हितं हुती. चिमणीची.”

“ती मामाच्या गावाला गेली,” ताई म्हणाल्या. “आता तिकडंच राहणार आहे. म्हणून काढली मी.”

हे त्यांनी सोमनाथला सांगितलं, पण बघत माझ्याकडं होत्या. ती नजर मला आजही सांगता येत नाही. दटावणी नव्हती त्यात. विनवणी होती. आणि मी, बत्तीस वर्षांची घोडी, त्या नजरेखातर गप्प राहिले. मॅडमनी चहा घेतला, वहीत काहीतरी लिहिलं आणि गेल्या.

ताई त्यांना फाट्यापर्यंत सोडायला गेल्या. मी चूल तशीच टाकली आणि खडीच्या मशिनीची वाट धरली. अलका दगड फोडत होती. एका कडुनिंबाखाली फाटक्या पोत्यावर मैना पडली होती, तोंडावर माश्या. अंग तापलेलं.

“आज पाठवली का न्हाईस?” मी ओरडलेच.

अलका उठून उभी राहिली. “ताईच सांगून गेल्या की रातच्याला. म्हणल्या, उद्या साहेब लोक येणारेत, पोरगी आजारी दिसली तर तुलाच बोल लावतील, घरात ठेवू नको, कुठंतरी घेऊन जा.”

मी पोत्यापाशी गेले. मैनाला उचललं. उचलल्यावर जे कळायचं ते हाताला कळलं. “घरी चल, हिचं कार्ड घे,” म्हटलं, “आपण तालुक्याला जाऊ.”

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी मैनाला काट्यावर बसवलं. “नऊ किलो आठशे,” नर्स म्हणाली. त्यांनी परत बसवायला लावलं. तेवढंच. मग दंडाला रंगीत पट्टी गुंडाळली, ती लालवर आली.

“कार्ड आहे का अंगणवाडीचं?”

अलकानं पिशवीतून काढून दिलं. डॉक्टरीणबाईंनी ते उघडलं, आकड्यांवरून बोट फिरवलं. मग कार्ड माझ्यापुढं धरलं. “हे कुणी लिहिलंय?”

मला आकडे येतात. दिवाळीच्या महिन्यात बारा किलो चारशे. पुढच्या महिन्यात बारा सहाशे. मग बारा आठशे. दर महिन्याला बरोबर दोनशे ग्रॅम. आत्ताच्या महिन्यात तेरा दोनशे. आकड्यावर आकडा सुबक काढलेला, सातला आडवी रेघ, दोनाची शेपटी लांब. ज्या हातानं माझी मूठ धरून गिरवून घेतलं होतं, ते वळण मला दुसऱ्या कुणी दाखवायची गरज नव्हती.

दिवाळीपासून काटा कपाटात होता. मैनाला कुणी तोललंच नव्हतं. कुणालाच तोललं नव्हतं.

आणि मी काय केलं होतं? मी धावत जाऊन ताईंनाच सांगितलं होतं, पोरगी वाढत नाही म्हणून. जे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं होतं ते खोटं आहे, असं मी त्यांनाच सांगायला गेले होते, आणि त्यांनी माझा हात हातात घेतला होता.

“अजून दोन-तीन दिवस उशीर झाला असता तर मला सांगता आलं नसतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मैनाला त्यांनी ठेवून घेतलं. अलका जवळ थांबली. कार्ड डॉक्टरीणबाईंनी परत दिलं नाही, वर पाठवलं.

चौकशी आली ती पुढच्या मंगळवारी. मोहिते मॅडम होत्या आणि जीपमधून एक साहेब आले होते. खुर्च्या अंगणवाडीतच टाकल्या. पोरांना सुट्टी दिली होती. ताई समोर बसल्या होत्या, पांढरीफटक साडी, डोळे सुजलेले. चार दिवस माझ्याशी बोलल्या नव्हत्या. मला वाटत होतं, त्या आता सगळं सांगतील. काटा बिघडला, वरून अहवाल मागत होते, भरत गेले, चूक झाली. एवढं म्हणाल्या असत्या तर मी त्यांच्या बाजूनं बोलले असते, देवाशपथ.

साहेबांनी विचारलं, “वजनं कोण घेत होतं?”

“कौसल्या,” ताई म्हणाल्या. “मुलांचं मोजमाप हीच करते, मॅडमनी बघितलंय. मी हिच्यावर विश्वास टाकला. ही सांगेल ते आकडे मी उतरवून घेतले.”

मला आधी कळलंच नाही. वाटलं, दुसऱ्या कुणाबद्दल बोलतायत.

“काटा तर बंद हाय दिवाळीपासनं!” मी म्हटलं. “कपाटात बघा!”

“काटा परवा बिघडला,” ताई म्हणाल्या. माझ्याकडं न बघता.

साहेबांनी रजिस्टर उघडून माझ्यापुढं सरकवलं. दर महिन्याच्या पानाखाली एक ओळ छापलेली होती, ‘वजन घेणाऱ्याची सही’. त्यापुढं सही होती. कौसल्या भिवा तांबवे. पाचही महिने. त बरोबर आलेला.

“ही सही तुमचीच ना?”

“माझीच. पण ताई म्हणायच्या, हजेरीची हाय, कर पटकन.”

“शिकलायत किती?”

“चौथी.”

“मग वाचता येतं. वाचून सही का नाही केलीत?”

काय सांगायचं मी त्यांना? ताईंनी पुढं केलेला कागद वाचून बघायचा असतो, हे मला ठाऊक नव्हतं. घरच्या माणसानं वाढलेलं कुणी निरखून खातं का? मी ताईंकडं बघत राहिले. मोहिते मॅडमही त्यांच्याकडं बघत होत्या. मॅडमना खरं कळलं होतं, असं मला आजही वाटतं. पण कागद माझ्या विरुद्ध होता आणि ज्या अंगणवाडीचं कौतुक त्या लिहून गेल्या होत्या ती त्यांचीच होती. त्या पदराशी चाळा करत बसल्या.

पंधरा दिवसांत माझं काम गेलं. ताईंना ताकीद मिळाली, लक्ष ठेवलं नाही म्हणून.

मैना तीन आठवड्यांनी घरी आली. गाल भरले नव्हते, पण डोळ्यांत धुगधुगी आली होती. अलका तिला घेऊन पहिली माझ्याकडं आली. वस्तीत तोवर झालं होतं, कौसल्यानं पोरांची खोटी वजनं लिहिली म्हणून. अलका नळावर चार बायांत सांगायची, असं नाही झालं म्हणून. पण खडी फोडणाऱ्या बाईचं कोण ऐकतं? राणीच्या आईनं माझ्याशी बोलणं टाकलं. राणी मात्र दारावरून जाताना पावलं मोजत जायची, मोठ्यानं, मला ऐकू यावं म्हणून.

त्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी उज्ज्वलाताई आल्या. मी दारात तांदूळ निवडत होते. त्या पायरीवर उभ्या राहिल्या, आत या म्हणण्याची वाट बघत. मी म्हटलं नाही.

“कौसल्ये, मला काय वाटतं ते मला माहीत,” त्या म्हणाल्या. “पण तूच विचार कर. माझ्यावर गेलं असतं तर माझ्या दोन्ही मुलींची लग्नं... यांचं हे असं पिणं. तू एकटी आहेस. तुला कुणाला तोंड दाखवायचंय?”

मी सूप खाली ठेवलं. “ताई, एक विचारू?”

“विचार की.”

“मी सांगितलं तवा तुम्ही माझा हात धरला हुता. माझ्या नावावर घालायचं, ते तवाच ठरलं हुतं का?”

त्या दचकल्या. “नाही गं! आईशप्पथ नाही.” आणि मग, जणू त्यानं माझं समाधान होणार होतं अशा मायेनं म्हणाल्या, “तेव्हा मी फक्त पोरीला त्या दिवशी बाजूला ठेवायचं ठरवलं होतं. तू तालुक्याला न जाता गप्प राहिली असतीस तर तुझं नाव कशात आलंच नसतं.”

दीड-दोन महिन्यांपूर्वी त्या पोरीच्या तोंडावर माश्या बसल्या होत्या. ती मरता मरता वाचली, हे त्यांना माहीत होतं. डॉक्टरीणबाईंनी लिहून पाठवलं होतं, चौकशीत वाचून दाखवलं होतं.

ताई अजून बोलत होत्या. पुढच्या वर्षी शाळेत पोषण आहाराला बाई लागणार आहे, मी शब्द टाकते, असं काहीतरी. मी सूप उचललं, आत गेले आणि दार लोटलं. बोलणाऱ्या माणसाच्या तोंडावर दार लावायची माझ्या जन्मातली ती पहिली वेळ. आतून कडी घातली.

त्या पायरीवरच होत्या. मग त्यांनी हाक मारली, “कौसल्ये.” नेहमीसारखीच, शेवटचा सूर जरा लांबवून. त्या हाकेला मी सहा वर्षं हातातलं काम टाकून उठत आले होते. पाय उठलेच होते. मी उंबऱ्याच्या आतल्या बाजूला खाली बसले आणि दोन्ही हातांनी गुडघे धरून ठेवले, त्या जाईपर्यंत.